टेबलाचं माप अंगावरून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीत वन बीएचके, हॉल १० बाय १४, तुमची उंची ५ फूट १ इंच. घरी पोर्टेबल मशीन आहे. ब्लाउज, कुर्ते शिवता, आता गोधड्याही करायच्या मनात आहेत. आजवर जमिनीवर बसून बेतलंत, पण आता कंबर धरते आणि उठताना गुडघे बोलतात. घडीचं टेबल घ्यायचं ठरलंय, पण दुकानातलं सहा फुटी प्लास्टिकचं घ्यावं, दोन्ही बाजूंना फळ्या पडणारं घ्यावं की सुताराकडून भिंतीला लावून घ्यावं, इथे अडलंय. आणि पार्सल आलंच तर घरच्या घरी जोडायचं कसं, हेही विचारलंत.

मी २७ वर्षं शिवते आहे आणि त्यातली १९ वर्षं घरीच शिवणवर्ग घेते. सुरुवातीची नऊ वर्षं मीही सतरंजीवरच बेतलं. आई तशीच बेतायची, आत्याही तशीच. पाठ दुखणं हा शिवणकामाचाच भाग आहे असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. तो तसा नाही, हे मला पहिल्या टेबलाने नाही, तिसऱ्या टेबलाने शिकवलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंगावरचं माप न घेता ब्लाउज शिवून द्या असं कुणी म्हटलं तर आपण कात्री उचलत नाही. टेबल घेताना मात्र आपण भिंत मोजतो, सोफा आणि टीव्हीच्या मधली जागा मोजतो आणि स्वतःला मोजायचं विसरतो. आधी स्वतःला मोजा. रोज काम करता तशा उभ्या राहा. चप्पल घालून काम करत असाल तर चप्पल घालून. हात कोपरात काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायला सांगा. तुमच्या उंचीला ते माप ३८ इंचांच्या आसपास येईल. त्यातून ४ इंच वजा करा. उरले ३४. ही तुमच्या बेतायच्या टेबलाची उंची.

आकड्यावर विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरात जा. आपल्याकडचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंच असतो. तो पुसून कोरडा करा, त्यावर जुन्या चादरीचा तुकडा पसरा आणि दहा मिनिटं खरोखर कापा. आखा, टाचण्या लावा, कात्री चालवा. खांदे कानाकडे चढायला लागले तर तुमच्यासाठी ओटा उंच आहे. कमरेतून वाकावं लागलं तर ठेंगणा आहे. दोन्ही झालं नाही तर ओट्याची उंची मोजून घ्या, तीच उत्तर आहे. ही चाचणी मी वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला करायला लावते. फुकटची आहे आणि दुकानातल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरी आहे.

आता अडचण अशी की बाजारातली बहुतेक घडीची टेबलं ७४ सेंटिमीटर, म्हणजे २९ इंच उंच असतात. ती जेवायला, लिहायला बसण्याच्या मापाची आहेत. उभं राहून बेतायला ती पाच इंच कमी पडतात, आणि पाच इंच म्हणजे दिवसभराचं वाकणं.

गंमत अशी की मशीनसाठी तीच टेबलं जास्त उंच होतात. जुन्या पायमशीनचं टेबल आठवा. त्यात मशीन फळीच्या आत बसवलेलं असतं, कापड आणि आपले हात टेबलाच्याच पातळीला सरकतात. पोर्टेबल मशीन टेबलाच्या वर ठेवावं लागतं, त्यामुळे सुईखालची पातळी आणखी तीनेक इंच वर जाते. २९ इंचांचं टेबल ३२ चं होतं आणि आपण हात उचलून शिवत राहतो. संध्याकाळी मान आणि खांद्यांच्या मधे जी कळ येते ती त्याची. पोर्टेबल मशीनला २६–२७ इंच उंचीचं टेबल हवं.

म्हणून माझं पहिलं ठाम म्हणणं: एकच घडीचं टेबल बेतायला आणि शिवायला, दोन्हीला घेऊ नका. घडीचं टेबल बेतण्यासाठी घ्या. मशीनला लहान, ठेंगणं, न हलणारं टेबल द्या. दोन बाय दीड फूट पुरे, ते खिडकीखाली कायमचं राहील. तेवढीही जागा नसेल आणि मशीन डायनिंग टेबलावरच ठेवावं लागत असेल, तर खुर्चीवर तीन इंचांची घट्ट गादी घ्या आणि पायाखाली पाट. पेडलही त्याच पाटावर. पाटाशिवाय नुसती गादी घेतलीत तर मांड्यांखाली रक्त अडतं आणि पाय जड होतात.

घडीच्या टेबलावर मशीन का नको, याला उंचीशिवाय आणखी कारण आहे. मशीन धावायला लागलं की थरथर पायांत उतरते आणि घडीच्या पायांत प्रत्येक बिजागरी ही हलायची जागा असते. टाके लांबट-आखूड पडतात, बॉबिनची केस वाजते आणि आपण मशीनवाल्याला बोलावतो. वर्गातल्या एका मुलीच्या घरी तर पायाचा खटका नीट बसलेला नव्हता. शिवता शिवता पाय आत दुमडला आणि मशीन तिच्या मांडीवर आलं. सुदैवाने चाक लागलं, सुई नाही. तेव्हापासून हा विषय मी पहिल्याच दिवशी काढते.

आता लांबी-रुंदी. ती पन्ह्यावरून, म्हणजे कापडाच्या रुंदीवरून ठरते. छोटा पन्हा ३६ इंच, नेहमीचा ४४, मोठा ५८ ते ६०. ४४ चं कापड उभी घडी घालून पसरलं की २२ इंच रुंद होतं, ६० चं ३० इंच. म्हणजे टेबल ३० इंच रुंद असलं की कुठलंही कापड घडी घालून त्यावर पूर्ण बसतं, काठ खाली लोंबत नाही. हे लोंबणं साधं वाटतं, पण जॉर्जेट किंवा क्रेप असेल तर लोंबणारं वजन वरचा थर ओढत राहतं, आडवा धागा तिरका होतो आणि कुर्ता धुतल्यावर एका बाजूला पीळ घेतो. दोष शिलाईत शोधतो, असतो बेतण्यात. लांबीला किमान ४ फूट हवं. ५ फूट मिळालं तर कुर्त्याची पूर्ण उंची एका दमात आखता येते. सहा फुटांचा मोह तुमच्या हॉलला झेपणार नाही, कारण टेबलाभोवती फिरायला निदान दोन बाजूंनी दोन दोन फूट मोकळे लागतात. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचा हात न वाकता साधारण २४ इंच पुढे पोचतो. ३० इंचांच्या टेबलावर पलीकडची बाजू कापायला पलीकडे जावंच लागतं. कापड फिरवू नये, आपण फिरावं.

इथेच भिंतीला लावलेलं टेबल बाद होतं. त्याला एकच बाजू मिळते. लहान मुलांचे कपडे, पिशव्या, मास्क असल्या कामाला ते छान, आणि जागा सगळ्यात कमी खातं. पण गोधडी आणि कळीचा कुर्ता त्यावर होणार नाही. तरीही तेच हवं असेल तर आधी भिंत कसली आहे ते बघा. नवीन इमारतींत आतल्या भिंती बहुधा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात, आपण सिपोरेक्स म्हणतो त्या. त्यात साधे प्लास्टिकचे रावल प्लग धरत नाहीत. आज घट्ट वाटतात, सहा महिन्यांत भुगा होऊन सुटतात. त्यांना लांब नायलॉनचे, त्याच भिंतीसाठी बनवलेले प्लग लागतात. ड्रिल मारताना भुगा लाल पडला तर वीट, पांढरा-राखाडी आणि पिठासारखा पडला तर सिपोरेक्स.

सहा फुटी प्लास्टिकचं टेबल, जे मधे दुमडून सुटकेससारखं होतं, ते मी वर्गासाठी वापरते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाणी लागलं तरी फुगत नाही, एकटीने उचलता येतं, उघडायला अर्धा मिनिट लागतो. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वरचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो. पातळ कागदावर ड्राफ्ट काढताना पेन्सिल खड्ड्यात जाते, ट्रेसिंग व्हील उड्या मारतं. त्यावर ४ मिमीचा हार्डबोर्ड किंवा एमडीएफचा तक्ता टाकावा लागतो. दोन, त्यावर इस्त्री कधीही नाही, जाड कापड टाकूनही नाही. हे प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि सुतीवर लावलेली इस्त्री २०० पर्यंत जाते. तीन, उंची. ती वाढवता येते, पूर्वी चाळीत खाटेखाली विटा लावून खालची जागा मोकळी करायचे तशी, पण विटा नकोत. सुताराकडून सागाचे किंवा कुठल्याही कठीण लाकडाचे चार ठोकळे घ्या, ४ बाय ४ इंचांचे, साडेसहा इंच उंच. प्रत्येकाच्या डोक्यावर पायाच्या जाडीचं दीड इंच खोल भोक पाडून घ्या. पाय त्या भोकात बसतो, टेबल पाच इंच वर जातं, २९ चे ३४ होतात, आणि ढकललं तरी पाय ठोकळ्यावरून निसटत नाही. तुमच्या टेबलाचे पाय खाली आडव्या नळीने जोडलेले असतील तर भोकाऐवजी त्या नळीच्या रुंदीची खाच.

तुमच्यासाठी मी जे सुचवेन ते मात्र तिसरं: मधे अरुंद खोकं आणि दोन्ही बाजूंना खाली पडणाऱ्या फळ्या. दुकानात याला गेटलेग म्हणतात. फळी उचलायची, खालून पायाची चौकट दारासारखी बाहेर ओढायची, फळी तिच्यावर टेकवायची. एक फळी उघडली की ब्लाउज, दोन्ही उघडल्या की कुर्ता. घडी घातली की भिंतीशी १०–१२ इंच. तयार मिळणाऱ्यांत आयकियाचं नॉर्डेन याच जातीचं आहे: बंद असताना २६ सेंटिमीटर, पूर्ण उघडलं की १५२, रुंदी ८० आणि मधल्या खोक्यात कप्पे. कप्प्यांत बॉबिन, टाचण्या, टेप राहतात हा मोठा फायदा. उंची मात्र तिथेही ७४.

म्हणून सुताराकडून करून घ्या असं म्हणते. तुमच्याजवळ उल्हासनगरचा फर्निचर बाजार आहे, पुण्याकडच्यांना भवानी पेठेतला टिंबर मार्केट. पण तिथे जाऊन 'शिवणाचं टेबल करून द्या' एवढंच म्हटलंत तर ३० इंचांचं डायनिंग टेबलच हातात येईल. मापं लिहून न्या.

वरची मधली पट्टी १० बाय ३० इंच. दोन पडत्या फळ्या, प्रत्येकी २४ बाय ३०. पूर्ण उघडलं की ५८ बाय ३०. उंची वरून खालपर्यंत ३४, सनमायका आणि खालचे रबर धरून. १८ मिमीचा ८ बाय ४ चा एकच प्लाय यात सगळा भागतो. वरचे तीन तुकडे, खोक्याच्या दोन उभ्या बाजू आणि आतले कप्पे त्यातूनच निघतात. पायांच्या चौकटी तेवढ्या लाकडाच्या पट्ट्यांच्या करायच्या. प्लायवर शिक्का बघा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा प्लाय, आयएस ७१० मरीन. घरातल्या टेबलाला ३०३ चालतो. खिडकीतून पावसाची झड येत असेल तर ७१० घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, इथे नकोच. माझं दुसरं टेबल पार्टिकल बोर्डाचं होतं, एका दुकानातून तयार आणलेलं. पहिल्या पावसाळ्यात खालच्या कडा पुरीसारख्या फुगल्या, दुसऱ्या पावसाळ्यात बिजागरीचे स्क्रू फिरत राहिले, धरेनात. भुशाला एकदा स्क्रूने भोक मोठं केलं की पुन्हा पकड येत नाही.

सनमायका मॅट, फिक्या एका रंगाचा, रेघा-नक्षी नसलेला. चकचकीत असेल तर ट्यूबलाइट डोळ्यांत येते आणि सिल्क घसरतं. नक्षीचा असेल तर खडूची रेघ शोधत बसाल. आणि हे सुताराला दोनदा सांगा: फळ्यांना सनमायका दोन्ही बाजूंनी लावायचा. खालून कुणाला दिसतंय म्हणून तो फक्त वरून लावतात. मग पावसाळ्यात फळी उघड्या बाजूने दमट हवा ओढते आणि होडीसारखी वाकते. खालून लावायला स्वस्तातला, कुठल्याही रंगाचा चालेल, पण हवा. कडांना लाकडी पट्टी मारून गोल घासून घ्या, नखाला लागली नाही पाहिजे. नखाला लागते ती शिफॉनला फाडते.

पायाची चौकट किती बाहेर येते ते मोजा. २४ इंचांच्या फळीखाली पाय १७–१८ इंचांवर यायला हवा, म्हणजे साधारण पाऊण अंतरावर. त्याहून आत आला आणि तुम्ही कडेवर कोपर टेकून उरेब, म्हणजे तिरक्या, पट्ट्या कापायला लागलात की सगळं टेबल तुमच्याकडे झुकेल. आणि चौकटीची बिजागरी खोक्याच्या अगदी टोकाला नको. एका टोकापासून ११ इंचांवर उभी पट्टी घालून तिला लावली, तर उघडल्यावर पाय फळीच्या मध्याच्या जवळ येतो. फळीखाली एक लाकडी गुटका हवा, म्हणजे चौकट तिथेच येऊन अडेल. रोज अंदाजाने थांबवायची पाळी येणार नाही.

आता जोडण्याकडे येते. पार्सल आलेलं असो की सुताराने सुटे भाग आणून दिलेले असोत, माझी पद्धत तीच आहे.

जमिनीवर जुनी चादर अंथरा. सगळे भाग काढून ठेवा आणि स्क्रू, बोल्ट, खुंट्या वाट्यांमधे वेगळ्या करून मोजा. कागदावरच्या यादीशी जुळलं नाही तर त्याच वेळी फोन करा. अर्धं जोडल्यावर परत पाठवणं फार जिवावर येतं. ड्रिलवर स्क्रू ड्रायव्हर लावून काम उरकू नका. हाताने पिळा. हाताला स्क्रू कुठे अडला, कुठे घट्ट झाला ते कळतं. मशीनला कळत नाही, ते फिरवत राहतं. स्क्रू जड जात असेल तर त्याच्या आट्यांवर मेणबत्ती घासा.

तयार टेबलांत कॅम लॉक असतात, म्हणजे एका फळीत पिन आणि दुसरीत गोल धातूची चकती. बहुतेकांचं इथेच चुकतं. चकतीवर बाण किंवा उघडं तोंड असतं, ते ज्या कडेतून पिन आत येणार त्या कडेकडे हवं. पिन पूर्ण आत गेली, दोन्ही फळ्या अंगाला अंग लावून बसल्या, की मगच चकती घड्याळाच्या दिशेने साधारण अर्धा फेरा फिरवायची. अडली तर जोर लावू नका. उलट फिरवा, पिन किती आत बसलीय ते बघा. जोर लावला की भोक फुटतं.

दुसरी गोष्ट, कुठलाही बोल्ट पहिल्याच फेरीत पूर्ण आवळायचा नाही. सगळे बोल्ट पाऊण घट्ट करून घ्या, खोकं सपाट जमिनीवर उभं करा, गुण्या लावून कोपरे काटकोनात आणा आणि मग समोरासमोरचे आवळत जा. गुण्या घरात नसेल तर कोरी वही कोपऱ्यात धरा, चालतं. एक बाजू आधीच घट्ट केली की दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत आणि आपण ठोकायला लागतो.

आणि आता फळ्यांच्या बिजागऱ्या. या कामाला वेळ द्या, बाकी सगळं चुकलं तर सुधारता येईल. माझ्या तिसऱ्या टेबलावर एकदा पैठणीच्या ब्लाउजचं कापड पसरलं होतं. पुढचा भाग मधल्या पट्टीवर, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नेमका सांध्यावर. हाताला सांधा जेमतेम जाणवायचा, दीड मिलिमीटरची पायरी होती. खडू त्या पायरीवर आला, किंचित उडाला आणि मुंढ्याची गोलाई तिथे चपटी झाली. मला दिसलंही नाही. मग कात्री. दहा इंची कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकून सरकत असतं. ते पायरीला अडलं, मी थांबले, पुन्हा तोंड उघडलं आणि तिथे एक दात पडला. पाव इंचाचा. बाई पुढच्या आठवड्यात लग्नाला नेसणार होत्या. बाहीत चुणी वाढवून मी ते सावरलं, त्यांच्या लक्षातही आलं नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या.

त्या अशा बसवा. वरचे तिन्ही भाग, मधली पट्टी आणि दोन फळ्या, सनमायकाची चांगली बाजू खाली करून फरशीवर पालथे घाला. फरशी सपाट आहे तिथेच, मोरीकडे उतार असलेल्या जागी नाही. आता वरची पातळी फरशीने आपोआप एक करून दिली. सांध्यात लग्नपत्रिकेचा जाड कागद दुमडून घाला, म्हणजे साधारण एक मिलिमीटरची फट राहील. फट अजिबात नसेल तर पावसाळ्यात फळी फुगून अडते, जास्त असेल तर टाचण्या आत जातात. दोन सुट्या बिजागऱ्यांऐवजी शक्य असेल तर पूर्ण लांबीची पियानो बिजागरी घ्या, फळीचं वजन सारखं वाटलं जातं. १८ मिमीची एक फळी साधारण पाच किलो भरते, सनमायका धरून सहा-साडेसहा. बिजागरीची गाठ सांध्याच्या बरोबर मधोमध यायला हवी. आधी दोन टोकांचे आणि मधला असे तीनच स्क्रू लावा. सगळं उलटं करून, फळी खाली-वर करून बघा. स्टीलची पट्टी सांध्यावर आडवी ठेवा आणि खालून उजेड दिसतो का ते पाहा. दिसला नाही तर उरलेले स्क्रू. १८ मिमीच्या फळीला १६ मिमीहून लांब स्क्रू लावू नका, टोक वर येतं.

पूर्ण उघडून दोन्ही कर्ण मोजा. ५८ बाय ३० ला प्रत्येक कर्ण सव्वापासष्ट इंचांच्या आसपास येतो. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, पण दोन्ही सारखे हवेत. हे माप शिवणाच्या टेपने घेऊ नका, तो वापरून लांबलेला असतो. सुताराचा स्टीलचा टेप घ्या. कर्ण सारखे आले की टेबलाच्या कडेचा उपयोग आडवा धागा सरळ करायला होतो. कापडाचा काठ एका कडेला लावायचा, दुसरी कड काटकोन देते. ही सोय एकदा हाताला लागली की गुण्या पट्टीची आठवण येत नाही.

मग पाण्याने भरलेली वाटी मधोमध ठेवा आणि एका फळीच्या कोपऱ्यावर तळहाताने दाबा. पाणी किंचित हलणारच. सांडलं तर एक तर पाय टेकत नाहीये किंवा चौकटीची बिजागरी सैल आहे. आपल्या फरश्यांना उतार असतोच, त्यासाठी चौकटीच्या पायाला खाली फिरवून कमी-जास्त करता येणारा बोल्ट लावून घ्या. पुठ्ठ्याची घडी घालायची सवय लावू नका, ती नेमकी घाईच्या दिवशी सापडत नाही. चाकं हवी असतील तर फक्त मधल्या खोक्याला, ब्रेकची, आणि त्यांची उंची ३४ मधेच धरून. मी चाकं लावली नाहीत. खोक्याखाली नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी फेल्टचे, तुकडे चिकटवलेत, टेबल फरशीवर सरकतं आणि बेतताना जागचं हलत नाही.

एक गोष्ट सुतार सांगणार नाही. घडी घातल्यावर हे टेबल दहा इंच रुंद आणि चौतीस इंच उंच उभं असतं, दोन्हीकडे फळ्यांचं वजन लोंबत. लहान मूल फळीला लटकलं तर ते अंगावर येईल. भिंतीला एक कडी आणि खोक्याला हूक लावा आणि घडी घातली की अडकवायची. घरात मूल नसलं तरी लावा, पाहुण्यांची येतात.

इस्त्रीसाठी टेबलावर घोंगडी दुहेरी घालून वर सुती चादर ताणून बांधा. सनमायकावर थेट गरम इस्त्री टेकवली की खालचा गोंद सुटतो आणि फुगा येतो. कटिंग मॅट घेणार असाल तर ए१, म्हणजे ९० बाय ६० सेंटिमीटरची, मधल्या पट्टीसह एका फळीवर छान पसरते आणि सांधाही झाकते. ती गुंडाळून किंवा उन्हात ठेवू नका. एकदा वाकली की सपाट होत नाही. टेबल बंद असताना तिला फळी आणि भिंत यांच्या मधे उभी सरकवून ठेवा.

गोधडीचं राहिलं. पाच बाय सात फुटांची गोधडी या टेबलावर एका वेळी पूर्ण मावणार नाही, आणि मावायची गरजही नाही. खालचं लुगडं टेबलावर पसरून चारही कडांना जाड चिमटे लावा, त्यावर आतले थर, त्यावर वरचं कापड. टेबलाएवढ्या भागात हाताने मोठा धावदोरा घालून घ्या, मधून सुरुवात करून कडांकडे जात. चिमटे काढा, पुढचा भाग टेबलावर ओढा, पुन्हा चिमटे. झालेला भाग पलीकडे खाली लोंबू देऊ नका, खुर्चीवर किंवा स्टुलावर टेकवा, नाहीतर त्याच्या वजनाने आतला थर सरकतो आणि गोधडीला गाठी येतात. दोन-तीन बायका समोरासमोर उभ्या राहिल्या तर एका दुपारी धावदोरा होतो.

सुताराकडे जायच्या आधी ओट्यावरची चाचणी तेवढी नक्की करा. तुमचा आकडा ३४ ऐवजी ३३ किंवा साडेचौतीस आला तर तोच द्या, माझा देऊ नका. आणि टेबल तयार झालं की दुकानातच ते दोनदा उघडून, दोनदा मिटवून बघा. एकटीने, कुणाला हात लावू न देता.